मास्टरांचा अंगठा

दातांच्या डॉक्टरकडे किस्से कमी जमत असावेत. पेशंटचं तोंड उघडं असतं, पण बोलता येत नाही. माझ्याकडे बरोबर उलटं आहे. पेशंटचा पाय माझ्या हातात आणि तोंड पूर्ण मोकळं. जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत माणूस बोलतच असतो, आणि मी काही कान बंद करून काम करत नाही. असे किस्से साठत जातात. एखादा दिवस अगदीच सरळ गेला तर आमच्या प्रमिला सिस्टर संध्याकाळी विचारतात, "मॅडम, आज सारे शानेच लोकं आले होते का?"

दवाखाना नागपूरच्या महाल भागात आहे, तळमजल्यावर. शुगरमुळे ज्यांच्या पायाच्या नसा खराब झाल्या ते लोक इथे येतात. त्यांचे दोन प्रकार. काहींचे पाय सतत जळतात, मुंग्या येतात, रात्री पांघरूणसुद्धा सहन होत नाही. बाकीच्यांना काहीच होत नाही. पाय भाजला, चिरला, काही रुतलं, त्यांना पत्ता नसतो. पहिले रडत येतात, दुसरे हसत येतात. मला भीती वाटते ती हसत येणाऱ्यांची.

प्रमिला सिस्टर माझ्यासोबत पहिल्यापासून आहेत. जखम धुताना त्यांचा हात जितका हलका, बोलताना जीभ तितकीच तिखट.

•••

ज्याच्या पायाला कळत नाही त्यानं अनवाणी चालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत बोर्ड लावला, 'कृपया चपला घालूनच आत यावे.'

पहिल्याच दिवशी एक आजोबा आले. बोर्डासमोर थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, सगळा बोर्ड मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर शांतपणे वाकले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

मी आतून बघत होते. म्हटलं, "आजोबा, बोर्ड वाचलात ना?"

"वाचला न बाई."

"मग?"

"तुमी मोठ्या मनाच्या आहा, तुमी लिवलं. पण आपल्याले काही कळाले पायजे की नाई?"

दुसऱ्या एकानं मधला मार्ग काढला. दारात चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारून आत आला. मी काही बोलायच्या आधीच त्यानं पिशवी वर करून दाखवली. "आणल्या आत."

शेवटी प्रमिला सिस्टर दारात उभ्या राहायला लागल्या. देवळाबाहेर चपला सांभाळणारी बाई असते, आमच्याकडे चपला काढू न देणारी आहे. तरी अजून अधूनमधून कुणीतरी त्यांची नजर चुकवून अनवाणी आत येतोच.

•••

नसा तपासायला एक नायलॉनचा बारीक तंतू असतो, दांडीला लावलेला. पेशंटनं डोळे मिटायचे. मी तळव्याला तंतू टेकवायचा. जाणवलं की त्यानं 'हो' म्हणायचं. बस. पण आपल्याकडे डोळे मिटून उत्तर द्यायचं म्हटलं की माणसाला परीक्षेलाच बसल्यासारखं होतं.

इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी आले. सोबत बायको. मी तंतू टेकवला, शेठ म्हणाले, "हो." दुसरीकडे टेकवला, "हो." एवढ्या जुन्या शुगरला इतका चांगला पाय? मी वर बघितलं. बाईंचा हात शेठच्या खांद्यावर होता. मी टेकवलं की त्या खांदा दाबत होत्या.

बाईंना बाहेर बसवलं. जाताना त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू पोराला परीक्षेच्या वर्गात सोडून निघाल्या आहेत.

आता शेठ एकटे. डोळे गच्च मिटलेले. "हो. हो. हो." मी तंतू टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. "हो," शेठ म्हणाले. थोडं थांबून, "हो."

"शेठ, मी हातसुद्धा लावत नाहीये."

डोळे न उघडता शेठ म्हणाले, "असू द्या मॅडम. थोडे ॲडव्हान्समधे देऊन ठेवले."

खरी तपासणी झाली तेव्हा दोन्ही तळवे जवळजवळ बधिर निघाले. पण कुठे जखम नव्हती, वेळेत कळलं होतं. आता शेठ रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात. बायको टॉर्च धरते. ही मदत मात्र चालते.

•••

आता मास्टर.

मास्टर म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले शिंपी. शाळेचे ड्रेस, ब्लाउज, सदरे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. पायडलची जुनी काळी मशीन आहे, आणि तिच्यावर ते तरुणपणापासून बसलेले आहेत. मुलानं मोटर बसवून देतो म्हटलं तर म्हणाले, "मोटरले कपडा कळत नाही." विषय संपला.

यंदा शाळेच्या ड्रेसची घाई उरकली आणि मास्टर दवाखान्यात आले. सोबत त्यांच्या बायको, विमलकाकू. तक्रार काय, तर मोजा ओला होतो.

"पायाले घाम येऊन राहिला मॅडम. पण एकाच पायाले."

मोजा काढला तर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, जखम. आतून पाणी झिरपत होतं. मी विचारलं, "दुखत नाही?"

"दुखलं असतं तर लवकर नसतो आलो का?"

हसत म्हणाले. मी लगेच एक्स-रे काढायला पाठवलं. फोटो आला, आणि अंगठ्याखाली मशीनची तुटलेली सुई स्वच्छ दिसत होती.

"मास्टर, पायात सुई गेली ते कळलंच नाही?"

"सुई हरवली ते कळलं होतं. घरभर शोधून राहिलो होतो."

काकू पहिल्यांदा बोलल्या. "अन् माह्यावर नाव टाकलं. म्हणे तूच झाडून फेकली."

माझा बॅचमेट अविनाश सर्जन आहे. त्यानं सुई काढली. पण जखम राहिली, आणि हाडाला सूज येऊ लागली होती. अविनाश गोड बोलत नाही. त्यानं मास्टरांना समोर बसवून सांगितलं की गणपती होईपर्यंत ही जखम भरली नाही तर हाड सडेल. मग अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबलं तर नशीब समजायचं.

मास्टरांनी एकच विचारलं. "अंगठा नसला तर पायडल मारता येईन का साहेब?"

"आतासारखा नाही," अविनाश म्हणाला.

मास्टरांचं हसणं तिथे थांबलं. मोजा हातात होता, त्याची नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि काकूंच्या मागे मागे निघून गेले.

•••

त्याआधी, उन्हाळ्यात, कुलरवाले काका आले होते. वीज खात्यातून रिटायर्ड, बोलायला एकदम ऐटदार. त्यांचे पाय जळायचे. काशाच्या वाटीनं तूप चोळून झालं, मेंदी लावून झाली, काकडी बांधून झाली. आग काही जाईना.

मी पाय हातात घेतला तर चामडी पांढरी, फुगलेली, बोटांच्या मधे सोललेली. धुणं धुणाऱ्या बाईचे हात होतात तशी.

"काका, पाय पाण्यात ठेवता का?"

काका छताकडे बघायला लागले. बोलल्या त्या सोबत आलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे ह्या काकू. "पाण्यात नाही मॅडम. कुलरात."

नागपूरच्या मे महिन्यात कुलर म्हणजे घरातला सगळ्यात मानाचा मेंबर. काका दुपारी जेवण झालं की खुर्ची घेऊन बाहेरच्या बाजूनं कुलरजवळ जायचे, मागची वाळ्याची जाळी काढायचे, आणि दोन्ही पाय टाकीत सोडून पेपर वाचायचे. टाकीतलं पाणी गार, वर वाळ्याचा वास. ते सांगताना अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर सुख दिसत होतं.

"आतमधे पाहुणे झोपले राहतात," काकू म्हणाल्या. "जावई म्हणते, सासूबाई, यंदा कुलरले कायचा तरी वास येऊन राहिला. मी टाकी धुतली, वाळा बदलला, फिनाइल टाकलं. एक दिवस सहज मागून गेली तर हे बसले. मॅडम, अख्खं घर महिनाभर ह्यांच्या पायाची हवा खाऊन राहिलं होतं!"

प्रमिला सिस्टर पट्टी आणायच्या निमित्तानं दुसऱ्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

काकांचं कुलरचं पाणी बंद केलं, बोटांमधे पावडर, आणि नसांसाठी गोळी सुरू केली. पुढच्या वेळी आले ते स्वतःहून सांगत, "मॅडम, आग निम्म्यावर आली." काकूंनी शेजारून जोडलं, "अन् जावई थांबला दोन दिवस जास्त."

•••

ह्या गोळीचा पण एक किस्सा आहे. नसांच्या जळजळीला जी औषधं चालतात, तीच फिट्सना चालतात, काही डिप्रेशनला. आम्ही ते समजावून सांगतो. पेशंट मान डोलावतो. मग घरी भाचा मोबाइलवर गोळीचं नाव टाकतो आणि ही डोक्याची गोळी असल्याचं जाहीर करतो.

जरीपटक्याच्या मेश्राम बाई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. पाय इतके जळायचे की झोप नाही, आणि झोप नाही म्हणून घरात कुणाला शांती नाही. गोळी लिहून दिल्यावर दोन दिवसांनी बाई दारात. चपला पायात होत्या, हे मी आधी बघून घेतलं.

"मॅडम, मी चाळीस वर्षं पोट्टे सांभाळले. तेव्हा नाही पागल झाली, आता होईन का?"

मी खुर्ची दिली, पाणी दिलं, परत सगळं समजावलं. नस म्हणजे वायर, वायर खराब झाली की ती खोटे निरोप पाठवते, गोळी ते निरोप कमी करते. बाईंनी ऐकून घेतलं. वर्गात शेवटच्या बाकावरचं उत्तर ऐकतात तसं. पण गोळी सुरू ठेवली.

काही आठवड्यांनी त्यांची सून एकटीच आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, आईंचं पाय जळणं थांबलं असं त्या म्हणतात. आता गोळी बंद करायची का विचाराले येणार आहेत."

"कमी कमी करत आणू. का, काय झालं?"

"नका न करू बंद. घरात किती दिवसांनी रेडिओ ऐकू येऊन राहिला."

•••

परत मास्टरांकडे.

मास्टरांसाठी आम्ही खास सँडल करून घेतली होती. जाड मऊ तळ, आणि अंगठ्याखाली बरोबर जखमेच्या जागी खळगा, म्हणजे तिथे वजनच पडणार नाही. वजन नाही पडलं तर जखम भरते. रक्तपुरवठा चांगला होता, शुगर आटोक्यात आली होती, औषध वेळेवर. तरी जखम भरेना. कडा उलट जाड होत होत्या, म्हणजे जागा रोज घासली जात होती.

दर वेळी मी विचारायची, "मास्टर, सँडल घालता ना?"

"कायम, मॅडम."

राखीच्या सुमारास मी पट्टी सोडता सोडता सँडल हातात घेतली आणि उलटी केली. तळ कोरा करकरीत. दुकानातून आजच आणल्यासारखा.

"मास्टर, ही कधी घालता?"

"इकडे येताना."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ मी घरातच राहतो न. घरात कोण चप्पल घालते?"

आणि घरात म्हणजे मशीनवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा अंगठा लोखंडी पायडलवर. जखम उघडत होती ती तिथे. मी चिडले. मी चिडले की माझं मराठी एकदम पुस्तकी होतं, असं प्रमिला सिस्टर म्हणतात. "आपण आपल्या हातानं आपल्या पायाचा नाश करत आहात," असं काहीतरी मी बोलले म्हणे.

काकूंनी मास्टरांची बाजू घेतली. "मॅडम, मशीनले जोडा लावाचा का? लक्ष्मी आहे ते. सकाळी तिच्या पाया पडल्याबिगर हे बसत नाही."

म्हणजे जिच्या पाया पडायचं तिच्यावरच दिवसभर पाय ठेवायचा, फक्त तो उघडा असला पाहिजे! पण हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं एवढंच म्हटलं, "काकू, अविनाशनं काय सांगितलं ते आठवतं ना? अंगठा जाईल."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं रडणार. पण त्या विचार करत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "जे जोडे रस्त्यावर कधी गेलेच नाही, ते घरात चालतीन न?"

"काकू, हे तुम्ही मला विचारताय की स्वतःला?"

"मलेच," काकू म्हणाल्या. "चालतीन."

दुसरी जोडी करायला टाकली. ती घ्यायला काकू स्वतः आल्या. खाली ठेवू दिली नाही. पदरात घेतली, ऑटोत मांडीवर ठेवली आणि घरी नेली. घरात घेण्याआधी त्यांनी तिच्यावर काय काय शिंपडलं ते मी विचारलं नाही. चामडं टिकलं, एवढं खरं.

•••

सँडल झाली, पण पायडल? सँडल घालूनसुद्धा जखम भरेपर्यंत उजव्या पायानं पायडल मारायचं नाही, अशी माझी अट होती. मास्टर म्हणाले, मग दुकानाला कुलूप लावतो. काकू म्हणाल्या, "कुलूप काहून? मी मारते पायडल."

प्रमिला सिस्टरांनी मुद्दाम ब्लाउज शिवायला टाकला, खरं काय चाललंय ते बघायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं करून दाखवलं. मशीनसमोर दोन स्टूल शेजारी शेजारी. मास्टरांचे हात कपड्यावर, काकूंचा पाय पायडलवर.

"हळू वं."

"हळूच तर मारून राहिली."

"थांब. थांब म्हणलं न."

"थांबलीच आहे. तुमीच कपडा ओढून राहिले."

"कोपरा आला तर हळू कराव लागते."

"मंग सांगत जा न कोपरा आला म्हून. मले काय इथून दिसते?"

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं, असं प्रमिला सिस्टरांचं मत. ब्लाउज मिळाला. डावी बाही सुरेख. उजव्या बाहीवर मधेच शिवण वाकडी होऊन परत सरळ झाली होती. भांडण कुठे झालं आणि कुठे मिटलं ते बरोबर दिसत होतं. सिस्टर तो ब्लाउज घालून ड्युटीवर येतात आणि कुणी विचारलं तर बाही पुढे करून सगळी गोष्ट सांगतात.

•••

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबत निघते, म्हणजे रोगराई, पीडा गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी दवाखाना उघडा असूनही बंद असतो, कारण गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मास्टरांना पट्टीसाठी आणायचं कसं, म्हणून काकूंनी पहाटेच आणून बसवलं होतं. मिरवणूक कोपऱ्यावरून जायला लागली तसे सगळे दारात. 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' चाललेलं. आमच्या पेशंटांनी आपापली भर घातली. कुणी "शुगर घेऊन जाय गे मारबत," कुणी "पायाची आग घेऊन जाय."

काकू सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांचा आवाज तसा लहान. पण मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं. "माह्या घरची जखम घेऊन जाय वं माय. अंगठा राहू दे."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

•••

गणपती आले, गेले. जखम लहान झाली होती, पण बंद नव्हती. अविनाशनं ठरल्याप्रमाणे ऑपरेशनचा विषय काढला. काकूंनी त्याला खाली मान घालून सांगितलं, "आता पितरं बसले साहेब. ह्या दिवसांत कापाकापी नाही करत."

अविनाश माझ्याकडे बघायला लागला. त्याला खात्री होती की मी काकूंना समजावेन. मी नवीन एक्स-रे त्याच्या समोर धरला. हाडाची सूज उतरत होती, लाली नव्हती, पाणी थांबलं होतं. म्हटलं, "अवि, पितरांचं राहू दे. मला पण थोडे दिवस पाहिजेत."

"तू पण?" तो म्हणाला.

"मी पण."

त्यानं अट घातली. एक दिवसाआड पट्टी, आणि जरा जरी बिघडलं तरी पितर, देव, कुणाचं ऐकणार नाही. पितृपक्षभर मास्टर एक दिवसाआड आले. मी पट्टी सोडायची, आणि दर वेळी भीती वाटायची ती मलाच. त्यांना काही वाटायचं नाही, कारण त्यांना काही कळायचंच नाही. कळण्याचं काम काकू करायच्या. मी पट्टीची शेवटची घडी उचलली की त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, पायाकडे नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी मी पट्टी सोडली आणि खाली कोरडी, गुलाबी, अखंड चामडी होती. मी बोट फिरवलं. परत फिरवलं. अविनाशला बोलावलं. तो आला, भिंग लावून बघितलं, दाबून बघितलं आणि म्हणाला, "मला कशाला बोलावलं? इथे माझं काही काम नाही."

काकू तिथेच खाली बसल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी पण बसले. प्रमिला सिस्टरांनी चहा मागवला, आणि बिनसाखरेचा सांगायला विसरल्या.

जाण्याआधी मी मास्टरांची तंतूची तपासणी केली, नेहमीसारखी. डोळे मिटून मास्टर बसले. अंगठा, तळवा, टाच. एकदाही 'हो' आलं नाही. मी त्यांना खरं तेच सांगितलं. जखम भरली, नसा मेल्या त्या परत येत नाहीत. अंगठ्याला आयुष्यभर काही कळणार नाही, म्हणून आयुष्यभर सांभाळायचा. मास्टर म्हणाले, "आहे न जागेवर. पुरे."

•••

नवमीला काकूंचं बोलावणं आलं. घरी अवजारांची पूजा असते, प्रसादाला या. मी आणि प्रमिला सिस्टर गेलो.

पुढच्या खोलीत मशीन पुसून, तेल लावून चकचकीत केलेली. तिला झेंडूची माळ. खाली पाटावर कात्री, टेप, इस्त्री, खडू, सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलेलं. आणि त्या पाटाच्या शेजारी दुसरा पाट, त्यावर नवं कोरं कापड. मास्टर स्टुलावर बसलेले, संकोचून अर्धे झालेले, आणि त्यांचा उजवा पाय त्या दुसऱ्या पाटावर.

"काकू, हे काय?"

"अवजारांची पूजा आहे न मॅडम," काकू म्हणाल्या. "ज्याच्या भरोशावर घर चालते त्याची करतात. मंग ह्याले काहून सोडू?"

त्यांनी ताम्हनातलं पाणी बोटानं शिंपडलं. हळद लावली. मग करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं आणि मास्टरांच्या अंगठ्यावर, नखाच्या वर, हळूच टेकवलं.

मास्टरांनी पाय आखडून घेतला. "हळू वं. गुदगुल्या होऊन राहिल्या."

मी प्रमिला सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या.

काकूंनी पाय परत ओढून पाटावर ठेवला, त्यावर झेंडूचं फूल वाहिलं आणि वर न बघताच म्हणाल्या, "गुपचूप बसा जी. अवजारं बोलत नसतात."